चिया पिकाचा इतिहास

तुळस, पुदिना व सब्जा यांच्याच कुलातील चिया ही वर्षायू ओषधी मूळची मध्य व दक्षिण मेक्सिको आणि ग्वातेमाला येथील होय. लिनीअस यांनी १७५३ मध्ये तिला साल्व्हिया हिस्पॅनिका हे शास्त्रीय नाव दिले. त्यातील ‘स्पेनची’ या अर्थाचे विशेषण मात्र भ्रामक आहे. आपल्याकडे चिया व सब्जा यांची नेहमी गल्लत होते. दोन्हींचे बी पाण्यात फुगून बुळबुळीत होते एवढेच साम्य.

ॲझटेक साम्राज्यात मका, घेवडा व राजगिरा यांच्या जोडीने चियाला स्थान होते. सुमारे १५४१ मध्ये तयार झालेल्या मेंदोसा पोथीत खंडणीची जी नोंद आहे, तीनुसार ३८ प्रांतांपैकी २१ प्रांत चिया देत असत. बी भाजून त्याचे पीठ करीत, पाण्यात भिजवून पेय करीत. तेल रंगकामात व रोगणात वापरीत. जंगली चियाचे बी पक्व होताच गळते. लागवडीतील वाणांत मात्र संवर्त मिटलेला राहून बी कणसात टिकते व दाणाही मोठा असतो. उत्पादनवाढीचे हे पहिले व सर्वांत मोठे काम अनाम शेतकऱ्यांच्या निवडीतून झाले आहे.

१५२१ मधील स्पॅनिश विजयानंतर हे पीक मागे पडले. धर्मविधींशी संबंध असल्याने त्यावर बंदी आली, असे सरसकट सांगितले जाते. परंतु साथींनी झालेला लोकसंख्येचा ऱ्हास, खंडणीव्यवस्थेचा लोप व गव्हासारख्या युरोपीय पिकांना मिळालेले प्राधान्य ही कारणे अधिक पटणारी आहेत. मका जगभर गेला, चिया गेली नाही. याचे एक कारण वनस्पतीतच आहे. ती लघुदिन वनस्पती असून दिवस सुमारे १२ तासांहून लहान झाल्यावरच फुलोरा धरते. युरोपात असे दिवस येतात तेव्हा थंडीही येते, आणि कडाक्याचे धुके-दहिवर चियाला सोसत नाही. त्यामुळे झाड वाढे, पण बी भरत नसे.

पुनरुज्जीवनास १९९१ मध्ये वायव्य अर्जेंटिनात आरंभ झाला. रिकार्दो आयेर्सा व वेन कोट्स यांचे कार्य या संदर्भात महत्त्वाचे होय. बियांत सुमारे ३० टक्के तेल व त्यात सुमारे ६० टक्के आल्फा-लिनोलेनिक अम्ल असल्याने त्यास बाजारपेठ मिळाली. व्यापारी शेतांत हेक्टरी ५०० ते ६०० किग्रॅ. बी सामान्यतः मिळे, तर साल्ता प्रांतातील प्रायोगिक वाफ्यांत ओलीत व नत्र देऊन २,५०० किग्रॅ.पर्यंत उत्पन्न आले. या दोन आकड्यांमधील अंतर बियाण्यापेक्षा मशागतीचे आहे. रोपे आरंभी मंद वाढतात व तणाखाली दबतात. बी अतिशय बारीक असल्याने खोल पेरल्यास उगवत नाही. पेरणीची वेळ चुकल्यास खताने ती तूट भरून येत नाही. केंटकी विद्यापीठातील संशोधकांनी उत्परिवर्तनाने मोठ्या दिवसांतही फुलणारे वाण मिळविले. ते संशोधन २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले.

भारतात म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेने या पिकाच्या प्रसारास चालना दिली. महाराष्ट्रात वाशिम जिल्ह्यात सोयाबीननंतर रब्बी हंगामात ते घेतले जाऊ लागले आहे. लहान होत जाणारे दिवस तेथे पिकाला अनुकूल असतात. भाव मात्र बाजारातील मागणीप्रमाणे बराच चढतो-उतरतो.