मॅकफर्सन, एमी सेम्पल
(९ ऑक्टोबर १८९० – २७ सप्टेंबर १९४४). कॅनडात जन्मलेल्या अमेरिकी पेंटेकोस्टल धर्मप्रचारक. पहिले पती रॉबर्ट सेम्पल १९१० मध्ये हाँगकाँगला मिशनकार्यात असताना वारले. मुलगी रॉबर्टा त्यानंतर जन्मली. दुसरे पती हॅरल्ड मॅकफर्सन यांच्यापासून रॉल्फ हा मुलगा झाला. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर एमी तंबू ठोकून सभा घेत. धर्मवचने रंगवलेली पॅकार्ड मोटार हेच त्यांचे घर, व्यासपीठ आणि जाहिरातफलक. हॅरल्ड यांना ही भटकंती मानवली नाही. १९२१ मध्ये घटस्फोट झाला. हिशेब आणि मुले आई मिनी केनेडी यांनी सांभाळली. एमींच्या यशातला हा वाटा उगाच दुर्लक्षिला जातो. १९१८ मध्ये एमी, आई आणि मुले मोटारीने लॉस एंजेलिसला पोहोचले आणि स्थिरावले. तेथे १ जानेवारी १९२३ रोजी एमींचे अँजेलस टेंपल हे प्रार्थनामंदिर उघडले. एमींच्या मृत्यूनंतर रॉल्फ यांनी १९८८ पर्यंत एमींनी स्थापलेल्या फोरस्क्वेअर चर्च या पंथाचे नेतृत्व केले.