होम्सच्या आधीचे मद्रास

शेरलॉक होम्स वाचकांना प्रथम भेटतो तो प्रयोगशाळेत. ‘अ स्टडी इन स्कार्लेट’ (1887) या कादंबरीत तो रक्ताचा थेंब लिटरभर पाण्यात मिसळतो, रसायन टाकतो आणि तळाशी तपकिरी साका जमतो. रक्ताचे प्रमाण दहा लाखांत एक, असे तो सांगतो. (थेंब 0.05 मिलिलिटरचा धरला तर ते 20,000 मध्ये एक भरते. होम्सचा हिशेब जरा सैल होता!)

त्या वेळी मद्रासमधील, म्हणजे आजच्या चेन्नईतील, रासायनिक परीक्षकाची सरकारी प्रयोगशाळा 38 वर्षांची झाली होती. 1849 साली सुरू झालेली ही भारतातील अशी पहिली प्रयोगशाळा. मुंबईची 1870 ची. अशा प्रयोगशाळांपुढील मोठा प्रश्न विषाचा, विशेषतः सोमलाचा. त्यासाठी जेम्स मार्शची 1836 ची कसोटी उपलब्ध होती : संशयित द्रव्यात जस्त व आम्ल घालून निघणारा वायू जाळला, की थंड चिनी मातीवर काळा, चकाकता डाग उमटतो.

रक्ताचे मात्र अवघड होते. डाग बकऱ्याच्या रक्ताचा आहे, असे आरोपी म्हणाला तर? होम्सचे रसायन केवळ हिमोग्लोबिन ओळखते आणि ते बकऱ्याच्याही रक्तात असते. कादंबरीने हा प्रश्न सोयीस्करपणे टाळला. न्यायालयाला तो टाळता येत नव्हता. उत्तर 14 वर्षांनी, 1901 साली, जर्मनीत पॉल उलेनहुट यांनी दिले. मानवी रक्त टोचलेल्या सशाचा रक्तरस डागाच्या द्रावणात मिसळायचा. रक्त माणसाचे असेल तर द्रावण गढूळ होते.