चिंध्यांच्या कोटाचे गाणे

अमेरिकेतील कंट्री संगीत, म्हणजे दक्षिणेकडच्या खेड्यापाड्यांतून आणि डोंगराळ मुलखातून वाढलेली गीतपरंपरा, आई, घर, देव, कष्ट आणि मृत्यू या विषयांभोवती फिरत आली आहे. त्यामुळे पैशापेक्षा माया मोठी असे सांगणाऱ्या गाण्यांची तिच्यात कधीच वाण नव्हती. त्यांतली बरीचशी उपदेशाच्या ओझ्याखाली दबून विस्मृतीत गेली. डॉली पार्टन यांचे १९७१ सालचे ‘कोट ऑफ मेनी कलर्स’, म्हणजे ‘अनेक रंगांचा कोट’, हे जेमतेम तीन मिनिटांचे गीत मात्र टिकले आणि ते का टिकले हे समजून घेण्यासाठी ते कोणत्या सामग्रीतून उभे राहिले याचा माग काढावा लागतो.

पार्टन यांचा जन्म १९ जानेवारी १९४६ रोजी टेनेसी राज्याच्या पूर्व टोकाला, ग्रेट स्मोकी पर्वताच्या पायथ्याशी असलेल्या सेव्हियर काउंटीत झाला. बारा भावंडांतील त्या चौथ्या. वडील रॉबर्ट ली पार्टन तंबाखूची शेती करीत, त्यांना लिहितावाचता येत नव्हते, आणि या मुलीच्या जन्माच्या वेळी डॉक्टरांची फी त्यांनी मक्याच्या पिठाच्या पोत्याने चुकती केली, ही हकीकत पुढे पार्टन यांनी वारंवार सांगितली. आई एव्ही ली यांच्याकडे गाण्यांचा साठा होता. या डोंगरांत स्कॉटलंड, उत्तर आयर्लंड आणि इंग्लंडमधून येऊन स्थायिक झालेल्या कुटुंबांनी आपली बॅलड, म्हणजे कडव्याकडव्याने एखादी गोष्ट पुढे नेणारी कथागीते, पिढ्यान्‌पिढ्या तोंडी जपली होती. ती इतकी शाबूत होती, की सेसिल शार्प या इंग्लिश संग्राहकाने १९१६ ते १९१८ या काळात ॲपलाचिया नावाने ओळखल्या जाणाऱ्या याच पर्वतरांगेत हिंडून ती टिपून घेतली. शिवाय आईचे वडील पेंटेकोस्टल पंथाचे धर्मोपदेशक असल्यामुळे बायबलमधील कथा आणि प्रार्थनागीते मुलांच्या कानांवर सतत पडत असत.

तिसरा धागा सुईदोऱ्याचा आहे. ॲपलाचियातील स्त्रिया जुन्या कपड्यांचे तुकडे जोडून क्विल्ट शिवत, आणि मराठी वाचकाला गोधडी किंवा वाकळ आठवली की त्या कामाचे मर्म सहज कळेल, कारण दोन्हींत टाकाऊ चिंधीला ऊब देणारी वस्तू बनवण्याचे श्रम घरच्या बाईचेच असतात. पीठ आणि पशुखाद्य ज्या कापडी पिशव्यांतून येई त्यांचेही कपडे शिवले जात. ही रीत इतकी सार्वत्रिक होती, की १९३० नंतरच्या मंदीच्या काळात गिरण्या त्या पिशव्या मुद्दाम फुलाफुलांच्या छापील कापडाच्या काढू लागल्या. एव्ही ली यांनी मुलीसाठी चिंध्या जोडून जो कोट शिवला तो या रीतीचाच भाग होता. तो शिवताना त्यांनी योसेफाची कथा सांगितली. बायबलच्या ‘उत्पत्ती’ या पहिल्या पुस्तकातील सदतिसाव्या अध्यायानुसार याकोब आपल्या लाडक्या मुलाला, योसेफाला, एक खास झगा करून देतो; इंग्रजी बायबलच्या जुन्या भाषांतरामुळे तो रंगीबेरंगी झगा म्हणून लोकांच्या मनात ठसला. त्याच कथेत पुढे मत्सराने पेटलेले भाऊ तो झगा ओरबाडून काढतात आणि योसेफाला व्यापाऱ्यांना विकून टाकतात. आईने मुलीला मायेच्या खुणेची कथा सांगितली. त्या खुणेपायी सोसाव्या लागणाऱ्या छळाचा भाग शाळेत पोरांच्या हसण्याने पुरा केला. गीतातील योसेफाचा उल्लेख म्हणूनच वरवरच्या अलंकारासारखा वाटत नाही.

ही सामग्री हाताशी असूनही गीत व्हायला बरीच वर्षे लागली. १९६४ साली शालेय शिक्षण संपताच पार्टन कंट्री संगीताचे व्यापारी केंद्र असलेल्या नॅशव्हिलला आल्या, आणि १९६७ मध्ये पोर्टर वॅगनर या लोकप्रिय गायकाच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमात व दौऱ्यांत सामील झाल्या. वॅगनर यांची ओळख त्यांच्या गाण्यांइतकीच त्यांच्या पोशाखाशी जोडलेली होती. नूडी कोन या हॉलिवूडमधील शिंप्याने शिवलेले, खोट्या हिऱ्यांनी आणि भरतकामाने लखलखणारे सूट ते रंगमंचावर घालीत. १९६९ साली दौऱ्याच्या बसमधून प्रवास करताना पार्टन यांना हे गीत सुचू लागले. कागद सापडेना, तेव्हा वॅगनर यांच्या सुटाच्या ड्राय क्लीनिंगच्या पावतीची कोरी बाजू त्यांनी लिहायला घेतली. (गीत गाजल्यावर वॅगनर यांनी ती पावती चौकटीत बसवून घेतली.) गायिकेचे दिवस पालटले होते, लखलखाट रोज डोळ्यांसमोर होता, आणि नेमक्या त्याच वेळी बालपणीचा चिंध्यांचा कोट आठवून शब्दांत उतरला. त्या कोटाचे मोल जोखण्यासाठी त्याच्यापासून थोडे लांब जाणे त्यांना आवश्यक होते, असे मानायला येथे जागा आहे.

गीताची बांधणी जुन्या बॅलडसारखी सरळ आहे: कुणीतरी चिंध्यांची पेटी देते, आई शिवायला बसते, मुलगी अभिमानाने शाळेत जाते, मुले हसतात. यानंतर गीत ज्या वळणाने जाते त्यातच त्याचा प्रामाणिकपणा आहे. मुलगी वर्गातल्या मुलांना कोटामागची कथा आणि टाक्याटाक्यात असलेली माया सांगू पाहते, पण त्यांना ती पटत नाही, कुणीही ओशाळून माफी मागत नाही. उपदेशपर गाण्यात हसणाऱ्यांचे डोळे हमखास उघडले असते. येथे श्रीमंतीचा अर्थ फक्त त्या मुलीला उमगतो आणि तिला तो एकटीनेच जपावा लागतो. दारिद्र्याला गोडवा चढवल्याचा आक्षेप अशा गीतांवर घेता येतो. परंतु ज्या गीतात फाटक्या कपड्यांची लाज आणि चारचौघांतला अपमान इतका उघडा ठेवला आहे, त्याला तो लागू करणे अन्यायाचे होईल.

हे गीत ज्या काळात आले तो काळही ध्यानात घेतला पाहिजे. १९६४ मध्ये अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी दारिद्र्याविरुद्ध युद्ध पुकारल्यापासून ॲपलाचिया हे नाव अमेरिकेत गरिबीचे प्रतीक होऊन बसले होते, आणि बाहेरून आलेले छायाचित्रकार व वार्ताहर तेथील उघडीनागडी मुले व मोडकी घरे देशाला दाखवीत होते. त्या चित्रांतील माणसांना बोलायची संधी क्वचितच मिळे. १९७० साली प्रसिद्ध झालेले लोरेटा लिन यांचे ‘कोल मायनर्स डॉटर’, म्हणजे ‘खाणकामगाराची मुलगी’, आणि त्यापाठोपाठ पार्टन यांचे हे गीत यांनी त्या मुलांच्या जागेवरून, त्यांच्याच बोलीत, आपल्या घराची गोष्ट सांगितली; दोन्ही रचना स्त्रियांच्या आहेत, आणि दोन्हींत आईच्या हातांचे काम दिसते.

ध्वनिमुद्रण एप्रिल १९७१ मध्ये नॅशव्हिलच्या आर. सी. ए. कंपनीत बॉब फर्ग्युसन यांच्या देखरेखीखाली झाले. त्या वर्षांत नॅशव्हिलमध्ये व्हायोलिनांचे ताफे आणि समूहस्वर यांनी गाणे भरून टाकण्याची पद्धत रूढ होती; येथे मात्र गिटारच्या तारा छेडत गोष्ट सुरू होते आणि वाद्ये शब्दांच्या मागे राहतात. सप्टेंबरमध्ये गीत बाजारात आले आणि ‘बिलबोर्ड’ या व्यवसायपत्रिकेच्या कंट्री यादीत चौथ्या क्रमांकापर्यंत गेले. याच नावाच्या ध्वनिमुद्रिकेतील दहांपैकी सात गाणी पार्टन यांची स्वतःची होती, आणि गायिका म्हणून मिळालेल्या प्रसिद्धीमागे उभी असलेली गीतकार तेव्हापासून ठळकपणे दिसू लागली.

पुढे अमेरिकेच्या काँग्रेसच्या ग्रंथालयाने २०११ सालच्या राष्ट्रीय ध्वनिमुद्रण सूचीत, म्हणजे सांस्कृतिक मोल असलेल्या जतनयोग्य ध्वनिमुद्रणांच्या अधिकृत यादीत, या गीताचा समावेश केला. याच ग्रंथालयात १९२८ पासून लोकगीतांचे दफ्तर आहे, आणि त्यात डोंगराळ मुलखातील अनेक गाणी कर्त्याच्या नावाविना जमा आहेत, कारण ती कुणी रचली हे काळाच्या ओघात पुसले गेले होते. पार्टन यांनी मात्र नॅशव्हिलच्या सुरुवातीच्या वर्षांतच मामा बिल ओवेन्स यांच्या साथीने स्वतःची गीतप्रकाशन संस्था काढली होती, आणि आपल्या गीतांचे हक्क हातचे जाऊ न देण्याबाबत त्या फार जागरूक राहिल्या. त्यामुळे त्याच डोंगरांतील एका स्त्रीने शिवलेल्या कोटाची ही गोष्ट तिच्या मुलीच्या नावाने आणि मालकीने नोंदली गेली आहे.