टॅकोग्राफ म्हणजे काय? युरोपात ट्रक चालवणाऱ्याला रोज सकाळी द्यावा लागणारा हिशोब

युरोपात ट्रक चालवणाऱ्या भारतीय ड्रायव्हरांचे व्हिडिओ तुमच्याही फीडमध्ये आले असतील. केबिनमधला फ्रिज, बर्फातले रस्ते, पगाराचा आकडा. त्यातच एक छोटी गोष्ट दिसते, जिच्यावर फारसं कुणी बोलत नाही. गाडीत बसल्याबसल्या ड्रायव्हर एका खाचेत कार्ड सरकवतो आणि एक-दोन मिनिटं बटणं दाबत बसतो.

ती खाच ज्या यंत्राची आहे, ते यंत्र म्हणजे टॅकोग्राफ. गाडी किती वाजता निघाली, किती वेगात धावली, कधी थांबली, हे सगळं ते नोंदवतं. आधी गोल कागदी चकतीवर रेघा उमटायच्या. १ मे २००६ पासून युरोपियन युनियनमधल्या नव्या गाड्यांना डिजिटल टॅकोग्राफ सक्तीचा झाला आणि चकतीची जागा ड्रायव्हरच्या नावाच्या कार्डाने घेतली.

आपल्याकडेही १९६१ च्या मोटर ट्रान्सपोर्ट कामगार कायद्यात दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा होती. पण कार्ड घालून मिनिटामिनिटाचा हिशोब द्यायची सवय इथून जाणाऱ्या ड्रायव्हरला नसते. खरी गडबड तिथेच होते.

आधी तासांचं गणित

युरोपियन युनियनचा नियम ५६१/२००६ सांगतो: दिवसाला ९ तास ड्रायव्हिंग, आठवड्यातून दोनदा १० तास चालतील. आठवड्याला जास्तीत जास्त ५६, सलग दोन आठवडे मिळून ९०. साडेचार तास चालवलं की ४५ मिनिटांचा ब्रेक. तो तोडून घ्यायचा असेल तर आधी १५ आणि मग ३० मिनिटं. उलट क्रम चालत नाही. रोजची विश्रांती सलग ११ तास, आणि दोन साप्ताहिक विश्रांतींच्या मध्ये तीन वेळा ती ९ तासांपर्यंत कमी करता येते. ब्रिटनमध्येही नियम जवळपास हेच आहेत.

चार चिन्हं

यंत्राला चारच गोष्टी कळतात. स्टिअरिंग म्हणजे ड्रायव्हिंग, हे आपोआप नोंदलं जातं. दोन आडवे हातोडे म्हणजे इतर काम: माल भरणं-उतरवणं, डिझेल, गाडीची तपासणी, कागदपत्रं. तिरकी रेघ मारलेला चौकोन म्हणजे उपलब्धता, म्हणजे किती वेळ थांबायचंय हे आधीच माहीत असलेली वाट पाहणी, किंवा दुसरा ड्रायव्हर चालवत असताना शेजारी बसलेला वेळ. आणि पलंग म्हणजे विश्रांती.

नवखा माणूस इथे पहिल्यांदा फसतो. गाडी थांबली की यंत्र स्वतःहून हातोड्यावर जातं. तुम्ही ४५ मिनिटं सीट मागे करून डोळे मिटले, पण पलंगाचं बटण दाबलं नाही, तर यंत्राच्या लेखी तुम्ही काम करत होतात. ब्रेक झालाच नाही.

आणि कार्ड बाहेर असताना?

तेव्हा यंत्राला काहीच माहीत नसतं. म्हणून पुढच्या वेळी कार्ड घातलं की ते विचारतं: मधल्या वेळेची नोंद करायची आहे का? यालाच मॅन्युअल एंट्री म्हणतात. 'नाही' दाबलं तर तो वेळ विश्रांती म्हणून धरला जात नाही, तो 'अज्ञात' म्हणून राहतो आणि प्रिंटवर तिथे प्रश्नचिन्ह येतं. काही यंत्रं सरळ 'आतापर्यंत विश्रांती?' असं विचारतात. घाईत 'हो' दाबणं सगळ्यात सोपं, आणि बऱ्याचदा सगळ्यात महाग.

एक उदाहरण घेऊ. ड्रायव्हर पोलंडमध्ये आहे. संध्याकाळी ६:१० ला त्याने कार्ड काढलं. मग अर्धा तास गाडी धुतली, ऑफिसात कागद दिले. ६:४० ला मोकळा झाला. सकाळी ५:३० ला यार्डात हजर, अर्धा तास माल लावायला मदत केली आणि ६ वाजता कार्ड घातलं.

'सगळी विश्रांती' असं दाबलं तर ११ तास ५० मिनिटं दिसतील. छान, पूर्ण विश्रांती. पण ते खोटं आहे. खरी नोंद अशी: ६:१० ते ६:४० हातोडे, ६:४० ते ५:३० पलंग, ५:३० ते ६ पुन्हा हातोडे. विश्रांती भरली १० तास ५० मिनिटं. ११ ला दहा मिनिटं कमी, म्हणजे तीनपैकी एक कमी केलेली विश्रांती वापरली गेली. नियम मोडला का? अजिबात नाही. खरं लिहून इथे फक्त एक सवलत खर्च झाली. खोटं लिहिलं असतं आणि यार्डाच्या गेटवरच्या नोंदीशी ते जुळलं नसतं, तर प्रकरण खोट्या नोंदीचं झालं असतं.

याच उदाहरणात अजून एक मेख आहे. दिवसाचे २४ तास कार्ड घातल्यापासून नाही, विश्रांती संपल्यापासून मोजतात. म्हणजे ५:३० पासून. पुढचे पूर्ण ११ तास मिळवायचे तर संध्याकाळी ६:३० ला थांबायला हवं, ७ ला नाही.

प्रिंट काढल्यावर वेळा चुकीच्या वाटल्या तर घाबरू नका. यंत्र यूटीसीमध्ये नोंदवतं. पोलंडच्या उन्हाळ्यात सकाळचे ६ म्हणजे प्रिंटवर ४.

सुट्टी, आजारपण आणि रविवारची शिफ्ट

रजा आणि आजारपण दोन्ही पलंगाखाली येतात. मात्र दुसऱ्या मालकाकडे केलेलं काम हातोड्यात धरतात, मग ते ट्रकचं नसलं तरी. रविवारी ओळखीच्या रेस्टॉरंटमध्ये चार तास भांडी घासली तर ती साप्ताहिक विश्रांती नव्हे. घरी पैसे पाठवायच्या ओढीने असं जोडकाम घेणारे असतात, त्यांनी हे जरूर लक्षात ठेवावं. तसंच लांब उभी केलेली गाडी आणायला कार चालवत गेलात, तर तो प्रवासही इतर काम ठरतो.

कधीकधी दबाव वरून येतो. 'माल उतरेपर्यंत पलंग दाबून ठेव' असं सांगणारे सुपरवायझर जगभर सापडतात. दरवाजापाशी उभं राहून पेट्या मोजत असाल, तर ती विश्रांती नाही. शिवाय कार्डावर नाव तुमचं आहे, सुपरवायझरचं नाही. रस्त्यावरच्या तपासणीत आजचा दिवस आणि मागचे ५६ दिवस दाखवावे लागतात. ३१ डिसेंबर २०२४ पर्यंत हेच २८ दिवस होते.

चूक झालीच तर

एकदा मंजूर केलेली नोंद पुसता येत नाही. प्रिंट काढायची, मागे हाताने लिहायचं की काय चुकलं आणि खरं काय होतं, खाली सही करायची. सुरक्षित जागी पोहोचण्यासाठी वेळ थोडा ओलांडला तरी हेच करायचं, आणि तेही त्या थांब्यावर पोहोचेपर्यंत. दोन दिवसांनी आठवून लिहिलेलं कारण चालत नाही.

कार्ड हरवलं तर ७ दिवसांत नव्यासाठी अर्ज करायचा. तोवर कार्डाशिवाय जास्तीत जास्त १५ दिवस चालवता येतं, पण रोज निघताना आणि संपवताना प्रिंट काढून त्यावर आपली ओळख आणि सही हवी. मित्राचं कार्ड घालणं हा मात्र गंभीर गुन्हा आहे.

हे सगळं प्रिंटवर चालतं, म्हणून प्रिंटरचा जास्तीचा कागदी रोल केबिनमध्ये ठेवा. आणि पेनही.