चूक माझी की मैदानाची? डिस्क गोल्फच्या आखणीचा छोटासा इतिहास

मागच्या पोस्टमध्ये मी माझ्या पीएच.डी.चा विषय सांगितला होता: परीक्षेतल्या प्रश्नाची काठिण्यपातळी आणि परीक्षा देणाऱ्याची क्षमता, दोन्ही एकाच वेळी कशा मोजायच्या? आज तोच विषय, पण परीक्षा सोडून एका बागेत.

गेल्या वर्षी एका परिषदेसाठी कॅलिफोर्नियाला गेले होते. शेवटच्या दिवशी तिथल्या दोघीतिघींनी डिस्क गोल्फ खेळायला नेलं. खेळ सोपा. हातात फ्रिस्बीसारखी पण लहान आणि जड तबकडी. ठरलेल्या जागेवरून, म्हणजे ‘टी’वरून, ती फेकायची. जिथे पडेल तिथून पुढची फेक. साखळ्या लटकवलेल्या लोखंडी बास्केटमध्ये कमीत कमी फेकींत पोचायचं. असे साधारण 18 टप्पे, त्यांना ‘होल’ म्हणतात.

पाचव्या होलला मी खेळ सोडून दिला. बाकीच्या दोन फेकींत बास्केटपाशी पोचत होत्या, मी पाच-सहा फेकींत झाडीतच. ‘आपल्याला जमत नाही’ असं म्हणून बाकावर जाऊन बसले. परतताना दिसलं की आम्ही उभ्या होतो त्या काँक्रीटच्या चौथऱ्यापुढे, तीसेक पावलांवर, गवतात अर्धा बुडालेला आणखी एक चौथरा होता. लाल खुणेचा. माझ्यासारख्यांसाठीच तो केला होता आणि मला कोणी सांगितलंच नव्हतं. हा लाल चौथरा आला कुठून, याचा शोध घेताना जे सापडलं ते आजचं पोस्ट.

सुरुवात: सगळ्यांसाठी एकच मैदान

तबकडी नेम धरून फेकण्याचे खेळ आधीपासून होते. कॅनडातल्या ब्लॅडवर्थ या गावी 1926 च्या सुमारास मुलं डब्यांची झाकणं फेकून गोल्फ खेळत. पण आजच्या खेळाचा धागा एड हेड्रिक या माणसापाशी पोचतो. हे व्हॅम-ओ या खेळणी कंपनीत होते. साध्या प्लास्टिकच्या तबकडीवर वर्तुळाकार वळ्या आणून तिचं उड्डाण स्थिर करायचं काम त्यांचं. 1975 मध्ये त्यांनी लॉस एंजेलिसजवळच्या ओक ग्रोव्ह पार्कमध्ये पहिलं कायमस्वरूपी मैदान आखलं. (ही बाग नासाच्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीला अगदी लागून आहे, हे कळल्यावर मला उगाचच आनंद झाला.) सुरुवातीला लक्ष्य म्हणून नुसते खांब होते. तबकडी खांबाला लागली की नाही यावर वाद होत, म्हणून साखळ्या आणि खाली टोपली असं बास्केट आलं. त्याचं पेटंट 1977 मध्ये मिळालं.

हेड्रिक यांचा विचार सरळ होता: बाग सार्वजनिक, खेळ जवळजवळ फुकट, कोणीही यावं. जुन्या मैदानांवर होल छोटे असत आणि प्रत्येक होलचा ‘पार’, म्हणजे तरबेज खेळाडूला लागाव्यात अशा फेकी, सरसकट 3 धरत. अठरा त्रिक चोपन्न. साध्या फ्रिस्बीने कसलेला खेळाडू आणि नवखा यांच्यात फरक पडे, पण दोघं एकाच टीवरून मजेत खेळू शकत.

1983: तबकडी बदलली

मग डेव्ह ड्युनिपेस यांनी तबकडीच्या जाड, गोलसर कडेऐवजी पाचरीसारखी निमुळती कड काढली. 1983 मध्ये इनोव्हा कंपनीची ‘ईगल’ ही तबकडी आली. निमुळत्या कडेमुळे हवेचा अडथळा कमी, वेग जास्त, पल्ला लांब. आज पल्ल्याचा विक्रम कुठे गेलाय? 2016 मध्ये नेवाडाच्या वाळवंटात, पाठीमागून वारा असताना, डेव्हिड विगिन्स ज्युनियर यांनी 338 मीटर फेक केली!

पण नव्या तबकडीचा फायदा सगळ्यांना सारखा झाला नाही. वेगवान तबकडीला उडायला वेगही तसाच लागतो. उजव्या हाताने, आपल्या नेहमीच्या पद्धतीने फेकलेली तबकडी घड्याळाच्या दिशेने फिरते आणि वेग उतरला की डावीकडे कलते. जोरदार हाताची तबकडी बराच वेळ सरळ जाऊन शेवटी कलते. माझ्यासारखीची थोड्याच अंतरावर डावीकडे वळते. म्हणजे उजवीकडे वळणारा होल नवख्याला दुप्पट अवघड, आणि हे होलची लांबी मोजून कळत नाही.

कसलेल्यांना जुनी मैदानं पोरखेळ वाटू लागली. अठरापैकी अठरा होल दोन-दोन फेकींत संपले तर जिंकायचं कोणी? पहिलं उत्तर सुचलं ते मैदान लांबवायचं. गोल्फमध्ये हे आधी घडून गेलं होतं. 1899 मध्ये रबराचा गाभा असलेल्या हॅस्केल चेंडूचं पेटंट झालं, चेंडू लांब जाऊ लागला आणि मैदानं ताणावी लागली. तेव्हाही प्रश्न हाच होता, की ताणलेल्या मैदानावर साध्या खेळाडूचं काय? ॲलिस्टर मॅकेन्झी हे पेशाने डॉक्टर, पुढे मैदानांचे आखणीकार. 1920 च्या आपल्या पुस्तकात त्यांनी आग्रह धरला की प्रत्येक होलवर कमकुवत खेळाडूलाही वाट हवी. त्याचे फटके जास्त होतील, पण खेळायला मजा आली पाहिजे.

नुसतं जवळ आणून भागत नाही

इथे मला सगळ्यात मजा आली. ‘नवख्यांसाठी अंतर कमी करा’ हे ऐकायला सोपं आहे, पण कुठून कमी करायचं?

एक होल कल्पून बघू. टीपासून 90 मीटर सरळ, मग डावीकडे काटकोनात वळण, पुढे 75 मीटरवर बास्केट. दोन्हीकडे दाट झाडी. 100 मीटर फेकणारी खेळाडू पहिल्या फेकीत कोपऱ्यावर, दुसऱ्या फेकीत बास्केटजवळ. 60 मीटर फेकणारी? पहिली फेक 60, दुसरी फक्त 30, कारण पुढे झाडी. ही दुसरी फेक निव्वळ भरतीची, तिच्यात कौशल्य नाही आणि निर्णयही नाही. मग 60, आणि उरलेले 15. आता बास्केट 25 मीटर अलीकडे आणलं तरी ती भरतीची फेक तशीच राहते. पण टी 35 मीटर पुढे आणली की कोपरा 55 मीटरवर येतो आणि तिलाही पहिल्या फेकीत तोच प्रश्न पडतो जो जोरदार हाताच्या खेळाडूला मागच्या टीवर पडतो: कोपरा गाठेन का, की झाडीत जाईन?

माझ्या मते चांगल्या आखणीचं मर्म हेच. अंतर वेगळं, पण पडणारा प्रश्न तोच. म्हणून एका होलला दोन किंवा तीन चौथरे करू लागले. काही ठिकाणी बास्केटसाठीही जमिनीत दोन-तीन नळ्या पुरतात आणि बास्केट अधूनमधून हलवतात. त्यामुळे होल बदलतो, शिवाय एकाच जागी पाय पडून झाडांच्या मुळांवरची माती घट्ट होत नाही.

मोजणार कसं?

चौथरा कोणासाठी, हे ठरवायला खेळाडूंचं मोजमाप हवं. 1990 च्या दशकाच्या अखेरीस, चक केनेडी आणि सहकाऱ्यांच्या कामातून, प्रोफेशनल डिस्क गोल्फ असोसिएशनने (स्थापना 1976) खेळाडूंचं रेटिंग सुरू केलं. इथे माझ्या प्रबंधातलाच पेच आहे. मैदान किती अवघड हे खेळाडूंच्या गुणांवरून कळणार, आणि खेळाडू किती चांगला हे मैदान किती अवघड यावरून! तोडगा असा: ज्यांचं रेटिंग आधीच पक्कं आहे त्यांचे त्या दिवशीचे गुण घ्यायचे, त्यावरून 1000 रेटिंगच्या खेळाडूला तिथे किती फेकी लागल्या असत्या ते काढायचं, आणि बाकीच्यांना त्या मापाने मोजायचं. साधारण लांबीच्या मैदानावर एक फेक म्हणजे जवळपास 10 रेटिंग गुण. लांब, अवघड मैदानावर एका फेकीची किंमत त्याहून कमी.

या मापावर रंग बसवले: सोनेरी टी 1000 च्या आसपासच्यांसाठी, निळी 950, पांढरी 900, लाल 850. आता आखणीकाराला आपलं काम तपासता येतं. एखाद्या टीवर तिच्या गटातल्या सगळ्यांना तीनच फेकी लागत असतील, तर तो होल म्हणजे सगळ्यांना येणारा प्रश्न, त्याने काहीच कळत नाही. कोणाला दोन, कोणाला तीन, कोणाला चार लागल्या तर होल काहीतरी सांगतोय. आणि तिथे नशिबापेक्षा कौशल्याने फरक पडत असेल, तर आखणी जमली. आम्ही प्रश्नपत्रिकेत अगदी हेच शोधतो.

मग अडलंय कुठे?

जागेत आणि पैशात. प्रत्येक जादा चौथरा म्हणजे काँक्रीट, पाटी आणि देखभाल. बाग सार्वजनिक, तिथे चालणारे, मुलं, कुत्री सगळेच. पैसे कमी पडले की मागची टी पक्की होते आणि पुढची ‘नंतर बघू’. किंवा ती होते, पण पाटी लागत नाही. आज जगात दहा हजारांहून जास्त मैदानं आहेत आणि बहुतेक फुकट खेळता येतात. म्हणजे हेड्रिक यांचं ‘कोणीही यावं’ हे दार उघडंच आहे. पण आत आलेल्याला आपली जागा दिसली नाही, तर तो मैदानाला दोष देत नाही. स्वतःला देतो आणि परत येत नाही.

मी मात्र पुन्हा जाणार आहे. त्या गवतातल्या चौथऱ्यावरून पाचवा होल अजून बाकी आहे.

पुढच्या पोस्टमध्ये: कॉपी पकडायला संख्याशास्त्र कसं वापरतात. शंका असतील तर खाली नक्की विचारा!