अंगाऱ्यानं कोणाचं काय बिघडतं? खोसांच्या गाई, १८५६-५७

२०२२ साली लम्पीची साथ आली तेव्हा मी मामाकडे होते. गोठ्यात दोन गाई आणि एक कालवड. गावात गोट पॉक्सची लस टोचायला डॉक्टर येऊन गेले, पण मामानं जनावरं नेली नाहीत. देवऋष्याकडून अंगारा आणला होता. तो लावल्यावर नऊ दिवस जनावर दावणीवरून हलवायचं नाही, असं त्याला सांगितलेलं. आठव्या दिवशी कालवडीच्या अंगावर गाठी दिसल्या. पुढच्या पंधरवड्यात ती गेली. लस टोचली असती तर ती नक्की वाचली असती असं मी म्हणणार नाही. साथ गावात आधीच शिरली होती आणि लसीचा परिणाम व्हायला दोन-तीन आठवडे लागतात. पण मी रागाच्या भरात बोलले, तेव्हा मामा म्हणाला, "अगं, अंगाऱ्यानं कोणाचं काय बिघडतं? राखच ती."

मामाचं म्हणणं अक्षरशः खरं आहे, म्हणूनच ते खोडून काढायला अवघड जातं. राखेनं कालवडीला काही केलं नाही. जे काही झालं असेल ते त्या नऊ दिवसांनी केलं.

"श्रद्धा आहे, निरुपद्रवी आहे, सोडून द्या" हे वाक्य तुम्हीही ऐकलं असणार, कदाचित म्हटलंही असेल. मी सूक्ष्मजीवशास्त्रात एमएस्सी केलं आणि आता जनावरांच्या साथींच्या इतिहासावर पीएचडी करते आहे. माझ्या वाचनात या वाक्याशी थेट भिडणारी एक घटना आहे, ती आज सांगते. तुमच्यापैकी जे संशोधनाच्या तयारीत आहेत त्यांनी थोडं सावध राहून वाचा, कारण ही घटना "बघा, अंधश्रद्धेनं एक समाज कसा संपवला" अशा एका ओळीत सांगितली जाते. ती ओळ अर्धीच खरी आहे.

आफ्रिकेच्या दक्षिण टोकाचा पूर्वेकडचा भाग, आजचा ईस्टर्न केप. तिथले खोसा लोक गाईंवर जगणारे. दूध, लग्नातलं देणं, प्रतिष्ठा, पूर्वजांना अर्पण, सगळं गाईभोवती. धान्य ते पेवात साठवायचे, आणि ही पेवं गुरांच्या वाड्यातच खणलेली असायची. (आपल्याकडच्या पेवांची आठवण झाली ना? मलाही झाली.) १८५० ते १८५३ या काळात ते इंग्रजांशी आठवं सरहद्द युद्ध लढले आणि हरले. बरीच जमीन गेली. ते युद्धही म्लान्जेनी नावाच्या एका तरुण द्रष्ट्याच्या भाकितांनी पेटलं होतं. हे लक्षात ठेवा, म्हणजे पुढची गोष्ट आकाशातून पडल्यासारखी वाटणार नाही.

युद्ध संपलं त्याच वर्षी, १८५३ मध्ये, हॉलंडहून आलेल्या जहाजातून काही बैल मॉसेल बे बंदरात उतरले. त्यांच्यासोबत गुरांच्या फुफ्फुसांचा एक संसर्गजन्य रोग उतरला. इंग्रजी कागदपत्रांत तो 'लंगसिकनेस' या नावानं येतो. जनावर खोकतं, खाणं सोडतं, श्वासासाठी मान ताणून उभं राहतं आणि मरतं. यातली सर्वांत वाईट गोष्ट म्हणजे धडधाकट दिसणारं जनावरही रोग पसरवू शकतं. १८५५ पर्यंत हा रोग खोसांच्या मुलुखात पोचला होता.

खोसांनी काय केलं? जे आपण केलं असतं तेच. कळप डोंगरात हलवले, बाहेरून येणारी जनावरं अडवली. म्हणजे ते निरीक्षण करत होते, अनुमान काढत होते. मायकोप्लाझ्मा हा जंतू नोकार आणि रू यांनी १८९८ मध्ये वेगळा केला. त्यामुळे १८५५ साली "हा रोग नेमका कशानं होतो" याचं खरं उत्तर पॅरिसमध्येही नव्हतं आणि खोसांकडेही नव्हतं. खोसांकडे एक जुनं उत्तर मात्र तयार होतं: चेटूक. कोणाच्या तरी अशुद्ध हातांनी जनावरं विटाळली आहेत. सगळे उपाय हरल्यावर तेच उत्तर उरलं.

एप्रिल १८५६. ग्झारा नदीच्या मुखाजवळ नोंगकाउसे नावाची पंधरा-सोळा वर्षांची मुलगी एका लहान मुलीबरोबर शेतातली पाखरं हाकायला गेली. परत येऊन तिनं सांगितलं की दोन अनोळखी माणसं भेटली. आम्ही फार पूर्वी मेलेले आहोत, असं ते म्हणाले. त्यांचा निरोप असा: सगळे मेलेले परत उठणार आहेत, नवी निरोगी गुरं घेऊन. पण आत्ताची गुरं विटाळलेल्या हातांनी वाढवलेली आहेत, ती सगळी मारा. साठवलेलं धान्य टाकून द्या, पेरणी करू नका. नवे वाडे बांधा, नवी पेवं खणा, चेटूक सोडा.

तिचा काका म्हलाकाझा आधी साशंक होता. मग तो स्वतः गेला आणि त्या माणसांच्या वर्णनात त्याला आपला मेलेला भाऊ ओळखू आला. तोच पुढे या संदेशाचा मुख्य प्रवक्ता झाला. खोसांचा सर्वोच्च राजा सार्हिली स्वतः ग्झाराला जाऊन आला, त्याची खात्री पटली आणि त्यानं गुरं मारायचा हुकूम दिला.

इथे एक जोडलेली अफवा सांगायलाच हवी, कारण ती मला फार बोलकी वाटते. खोसांविरुद्धच्या युद्धात गव्हर्नर असलेला कॅथकार्ट पुढे क्रिमियाच्या युद्धात, इंकरमनला, रशियनांच्या हातून मारला गेला. ती बातमी केपमध्ये पोचल्यावर खोसांमध्ये बोललं जाऊ लागलं की हे रशियन म्हणजे आपलेच मेलेले पूर्वज, काळे योद्धे, आणि ते समुद्रावरून आपल्या मदतीला येणार. काही जण टेकड्यांवर उभे राहून जहाजांची वाट बघत. यावर हसू नका. खरी बातमी, खरी आशा, आणि मध्ये पडताळणीची एक पायरी गायब. आपल्या व्हॉट्सॅप ग्रुपवर याहून वेगळं काय घडतं?

आता मुख्य मुद्दा. सगळ्यांनी विश्वास ठेवला नव्हता. समाज दोन भागांत फुटला आणि दोन्ही गटांची नावं आपल्याला माहीत आहेत. विश्वास ठेवणारे 'अमाथांबा', म्हणजे मऊ. न ठेवणारे 'अमागोगोत्या', म्हणजे कडक, ताठर. १९८९ मध्ये या घटनेवर 'द डेड विल अराइज' हा मोठा ग्रंथ लिहिणारे इतिहासकार जेफ पाइरेस या शब्दांकडे बारकाईनं बघतात. मऊ म्हणजे भोळा नव्हे. मऊ म्हणजे चारचौघांसाठी वाकणारा, समाजाबरोबर राहणारा. कडक म्हणजे फक्त आपलं बघणारा, आपली गुरं धरून बसलेला स्वार्थी माणूस.

हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ बसले होते. म्हणजे शंका घेणारा तिथे "चुकीचा" ठरत नव्हता, तो "वाईट" ठरत होता. "हे खरं आहे का?" या प्रश्नाचं उत्तर कोणी देतच नव्हतं, कारण प्रश्न विचारणं हाच गुन्हा झाला होता. राजा सांदिले कितीतरी महिने घुटमळत राहिला. त्याच्या म्हाताऱ्या आईनं, सुतूनं, त्याच्यामागे लकडा लावला. तुला बायका-मुलं आहेत, मी एकटी आहे, असं तिचं म्हणणं. तिला आपला मेलेला नवरा परत बघायचा होता. शेवटी सांदिलेनं गुरं मारली. आईला "तुझा नवरा येणार नाही" हे कोण सांगणार होतं? तुम्ही सांगितलं असतं?

पहिली मुदत आली आणि गेली. १८५६ च्या ऑगस्टमध्ये कोणी उठलं नाही. वैज्ञानिक भाषेत सांगायचं तर भाकीत फसलं. प्रयोगशाळेत हे झालं तर आपण गृहीतक टाकून देतो (बरं, निदान टाकून द्यायला हवं). इथे स्पष्टीकरण आलं: काहींनी गुरं मारायच्या ऐवजी विकली, काहींनी मारलीच नाहीत, म्हणून पूर्वज नाराज आहेत. लक्षात येतंय का काय झालं? भाकीत फसलं हाच भाकिताचा पुरावा बनला, आणि दोष गेला न मानणाऱ्यांकडे. आता जितकं अपयश येईल तितकी उरलेल्या गुरांची कत्तल वाढणार. तशी ती वाढली. १८ फेब्रुवारी १८५७ हा शेवटचा मोठा दिवस ठरला. त्या दिवशी सूर्य वेगळा उगवणार होता. लोक नव्यानं मजबूत केलेल्या घरांत बसून राहिले. सूर्य रोजच्यासारखा उगवला आणि रोजच्यासारखा मावळला.

पाइरेस यांच्या अंदाजानुसार सुमारे चार लाख गुरं मारली गेली आणि सुमारे ४०,००० माणसं उपासमारीनं मेली. ब्रिटिश काफ्रारिया या एकाच भागातली खोसा लोकसंख्या जानेवारी १८५७ मध्ये सुमारे १,०५,००० होती. १८५८ संपता संपता ती २६,००० च्या आसपास उरली. जे गेले त्यातले सगळे मेले नाहीत. हजारो लोक मजुरीसाठी वसाहतीत गेले. म्हलाकाझा स्वतः उपासमारीतच मेला.

आता त्या अर्ध्या खऱ्या ओळीकडे येऊ. हे "श्रद्धेनं" झालं का? तो डच बैल नसता तर? जमीन गेली नसती तर? आणि गव्हर्नर सर जॉर्ज ग्रे नसता तर? किंग विल्यम्स टाउनमधल्या काही गोऱ्या नागरिकांनी भुकेल्यांसाठी मदत समिती काढली, ग्रेच्या प्रशासनानं ती बंद पाडली. अन्न हवं तर वसाहतीत मजुरीचा करार करा, असं धोरण. रिकाम्या झालेल्या जमिनीवर गोरे वसाहतवाले आणून बसवले. गुरं मारणं ही एक गोष्ट आणि त्यानंतर ४०,००० माणसं मरू देणं ही दुसरी. या दोन्हींना एकच कारण चिकटवणारा शोधनिबंध माझ्या मार्गदर्शक बाई पहिल्याच पानावर परत करतील. माझा एकदा केलेलाही आहे.

ग्रेचाही एक विश्वास होता आणि तोही त्यानं तपासला नाही. त्याचं मत असं की हा सगळा खोसा सरदारांचा कट आहे: लोकांना मुद्दाम उपाशी ठेवायचं, म्हणजे जिवावर उदार होऊन ते वसाहतीवर तुटून पडतील. पुराव्यादाखल कैदेतल्या लोकांच्या जबान्या घेतल्या. त्यात नोनकोसी नावाची आणखी एक द्रष्टी मुलगी होती, अगदी लहान वयाची. अशा जबान्या हातात आल्या की विचारा: प्रश्न कोणी विचारले, कोणत्या भाषेत, आणि उत्तर देणारी व्यक्ती उठून जाऊ शकत होती का? त्या 'कटा'च्या आधारावर माकोमा, फाथो, म्हाला असे सरदार रॉबेन बेटावर डांबले गेले. गंमत म्हणजे खोसांच्या तोंडी परंपरेत याच्या नेमकी उलटी कथा आहे: वेतांच्या आड लपून नोंगकाउसेशी बोलणारा माणूस ग्रे स्वतःच होता. दोन्ही कथा ऐकायला समाधान देतात, कारण दोन्हींत सगळा दोष एका माणसाच्या डोक्यात मावतो. पाइरेस दोन्ही नाकारतात. आणि पाइरेस यांचीही काही विधानं, विशेषतः म्हलाकाझाची त्यांनी लावलेली ओळख, पुढच्या संशोधकांनी प्रश्नांकित केली आहेत. हे काम असंच चालतं.

मग निरुपद्रवी की नाही? माझं मत विचाराल तर: मेलेली माणसं भेटतात असं मानणं खोसांसाठी पिढ्यान्‌पिढ्या निरुपद्रवी होतं. खोटं नाही सांगत, ते त्यांना धीर देणारंच होतं. पण त्या काळात त्या विश्वासावर काही मोठं टांगलेलं नव्हतं. साथ आली, जमीन गेली, आणि त्याच विश्वासावर अख्खा गोठा आणि पेव टांगलं गेलं. तेव्हा तो तपासायची सवय कोणालाच नव्हती, आणि जे तपासू बघत होते त्यांच्यासाठी "स्वार्थी" हा शब्द तयार होता. सवय ऐनवेळी लागत नाही. आता यावर तुम्ही म्हणाल की युद्ध हरलेल्या, उपाशी समाजाकडून तपासणीची अपेक्षा करणं क्रूर आहे. हो, आहे. याच आक्षेपाशी मी अजून झगडते आहे आणि माझ्या तिसऱ्या प्रकरणाचा अर्धा भाग त्यातच अडकलाय.

गेल्या दिवाळीत ही सगळी गोष्ट मामाला सांगितली. त्याला रशियनांचा भाग आवडला. मग धार काढता काढता त्यानं विचारलं, "आणि ज्यांनी गाई मारल्या नाहीत, त्यांचं काय झालं?"

मी सांगितलं. उपाशी शेजारी रात्री त्यांच्या शेतात शिरले, गुरं पळवली, धान्य नेलं. काही जण मारले गेले, बरेचसे इंग्रजांच्या चौक्यांच्या आसऱ्याला गेले आणि नंतर त्यांनाही इंग्रजांनी ठरवून दिलेल्या वस्त्यांत राहावं लागलं.

मामा काही बोलला नाही. बादली उचलून आत ठेवली आणि म्हणाला, "पुढच्या खेपेला ते लसवाले कधी येणार आहेत, बघून ठेव."