वर्ध्याच्या उन्हात अंगणातलं झाड नेमकं काय करतं?

वर्ध्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जाणं नवीन नाही. अशा शहरात मातीची अंगणं पेव्हर ब्लॉकखाली जात आहेत आणि रस्ते रुंद होताना कडेची झाडं तुटत आहेत. यात आपण काय गमावतो, ते समजून घेऊ.

झाडामुळे गारवा कसा मिळतो?

दोन प्रकारे. पहिला म्हणजे सावली. सिमेंट आणि डांबर दिवसभर उष्णता साठवतात आणि रात्री सोडतात, म्हणून सूर्य मावळल्यावरही गल्ल्या तापलेल्या असतात. सावलीतली जमीन मुळात तितकी तापत नाही.

दुसरा म्हणजे बाष्पोत्सर्जन. मुळांनी ओढलेलं पाणी पानांच्या सूक्ष्म छिद्रांतून वाफ होऊन बाहेर पडतं. विदर्भात उन्हाळ्यात घरोघरी लागणारा कूलर याच तत्त्वावर चालतो. १०० लिटर पाण्याची वाफ होताना साधारण ६७ युनिट विजेइतकी उष्णता खर्ची पडते.

अंगणाचा पाण्याशी काय संबंध?

१०० चौरस मीटर अंगणावर १० मिलिमीटर पाऊस पडला, तर १,००० लिटर पाणी होतं. फरशी असेल तर ते नालीत वाहून जातं. माती असेल तर त्यातलं बरंचसं मुरू शकतं. आपली काळी माती भिजली की फुगते आणि पाणी सावकाश मुरवते. मुळं आणि पालापाचोळा तिला भुसभुशीत ठेवतात.

सेवाग्रामची झाडं

गांधीजी १९३६ मध्ये सेवाग्रामला, म्हणजे तेव्हाच्या शेगावला, राहायला आले. आश्रमातल्या कुट्या माती, बांबू आणि कवेलूंच्या आहेत. आवारात गांधीजींनी लावलेला पिंपळ आणि कस्तुरबांनी लावलेली बकुळ आजही दाखवली जाते. २०२० मध्ये वर्धा-सेवाग्राम रस्त्याच्या रुंदीकरणासाठी जुनी झाडं तोडली जाऊ लागली, तेव्हा वर्धेकर नागरिक आणि गांधीवादी कार्यकर्ते विरोधात उभे राहिले.

तोडलेल्या झाडाऐवजी नवं लावलं तर?

लावावंच, पण भरपाई लगेच होत नाही. गारवा पानांच्या पसाऱ्यावर अवलंबून असतो आणि तो वाढायला कित्येक वर्षं लागतात. राज्यात शहरी झाडांसाठी १९७५ चा कायदा आहे. २०२१ च्या दुरुस्तीनुसार ५० वर्षं किंवा त्याहून जुनी झाडं 'वारसा वृक्ष' ठरतात. असं झाड तोडावं लागलं, तर त्याच्या वयाइतकी रोपं लावणं अपेक्षित आहे.

घरी काय करता येईल?

* सगळं अंगण फरशीखाली घालू नका. गाडीपुरती जागा पक्की करा, बाकी माती राहू द्या.
* बुंध्याला सिमेंट भिडवू नका. भोवती मोकळं आळं ठेवा.
* पालापाचोळा जाळू नका, झाडाच्या बुडाशी पसरा.
* सावलीसाठी कडुनिंब निवडा. सागवान उन्हाळ्यात पानं गाळतो, म्हणजे गरज असते तेव्हाच सावली नसते.